रोमन ब्राँझची नाणी: राजा शेवटी, मागची बाजू आधी

रानवाट (धागाकर्ता)

इथे शिवराईवर, दुदांडीवर, मुघल रुपयांवर भरपूर लिहिलं गेलंय. रोमन नाण्यांचा विषय निघाला की मात्र चर्चा ऑगस्टस आणि टायबेरियसच्या सोन्याचांदीशीच येऊन थांबते. मला लिहायचंय ते चौथ्या शतकातल्या छोट्या ब्राँझच्या नाण्यांबद्दल. ही नाणी नखाएवढी असतात, काळपट-हिरवी पडलेली, आणि रोमन नाण्यांत सगळ्यात स्वस्त. बहुतेक विक्रेते ती ट्रेमध्ये ढीग करून ठेवतात. जर्मनीत आल्यापासून मी हीच जमवतोय आणि माझ्या मते शिकायला यांच्यासारखी दुसरी नाणी नाहीत.

ट्रेसमोर उभा राहिलेला नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हा कुठला राजा?" विचारणं साहजिक आहे, पण या नाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न शेवटी यायला हवा. पहिल्या शतकातला नीरो त्याच्या जाड मानेवरून ओळखू येतो, व्हेस्पेशियन टकलावरून. चौथ्या शतकापर्यंत खऱ्या चेहऱ्याशी मिळतंजुळतं चित्र कोरायची ती पद्धत मागे पडली होती. कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुलं यांचे चेहरे नाण्यावर जवळपास सारखेच दिसतात: गुळगुळीत गाल, मोठे डोळे, उजवीकडे तोंड. नावंही कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंशियस, कॉन्स्टन्स अशी. त्यातली मधली चार अक्षरं झिजली की नावावरूनही काही ठरवता येत नाही.

मागच्या बाजूचं तसं नाही. त्या काळात साम्राज्यभर डझनाहून जास्त टांकसाळी चालू होत्या आणि बहुतेक वेळा त्या सगळ्या एकच चित्र पाडत. काही वर्षांनी चित्र बदलायचं, वजनही बदलायचं. त्यामुळे चित्र ओळखलं की काळ चार-पाच वर्षांच्या आत येतो, नाव वाचता येवो न येवो.

सगळ्यात जास्त हाती लागतं ते दोन शिपायांचं नाणं. दोन सैनिक भाले-ढाली घेऊन समोरासमोर उभे, मध्ये पलटणीचे ध्वजदंड, कडेने "ग्लोरिया एक्झर्सितुस", म्हणजे सैन्याचा गौरव. यात ध्वजदंड मोजायचे. दोन असतील तर ३३० ते ३३५. एकच असेल तर ३३५ ते साधारण ३४१. दुसरा दंड गेला तेव्हा नाणंही लहान झालं. आधी ते १७-१८ मि.मी. आणि अडीच ग्रॅमच्या आसपास होतं, नंतर १५-१६ मि.मी. आणि दीड ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे दंड झिजून गेले असले तरी वजनकाटा अंदाज देतो.

त्याच काळात रोमची लांडगी येते. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा, मागे रोम्युलस आणि रीमसला दूध पाजणारी लांडगी, वर दोन तारे. या नाण्यावर सम्राटाचं नाव कुठेच नाही. "हा कोण राजा" म्हणून जो शोधत बसेल त्याला उत्तर मिळणारच नाही. जोडीला दुसरं नाणं निघालं: पुढे कॉन्स्टँटिनोपल नगरी, मागे जहाजाच्या नाळेवर पाय ठेवून उभी विजयादेवी. ३३० साली नवी राजधानी रीतसर सुरू झाली, तेव्हा जुन्या आणि नव्या नगरीचा मान एकाच वेळी राखण्यासाठी ही जोडी पाडली गेली.

त्याआधीचं, ३२४ ते ३३० च्या दरम्यानचं, छावणीच्या दरवाजाचं नाणं. विटांचे थर, वर दोन बुरूज, मध्ये तारा. ३४८ नंतर "फेल टेम्प रेपारात्सिओ", म्हणजे सुखाचे दिवस परत आले, असा मजकूर असलेलं नाणं येतं. त्यात घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला सैनिक भाला मारतोय. हे नाणं सुरुवातीला चांगलं मोठं होतं, काही वर्षांतच घसरत घसरत १७ मि.मी.वर आलं. ब्रिटन आणि गॉलमध्ये (आजचा फ्रान्सचा भाग) त्याच्या गावठी नकला इतक्या झाल्या की त्यांचा वेगळा संग्रह करणारे लोक आहेत. त्या नकलांत घोड्याचा कुत्रा झालेला असतो आणि अक्षरांच्या नुसत्या रेघा उरतात, पण त्या त्याच काळात वापरात होत्या आणि त्यांचा इतिहास खरा आहे.

मागच्या बाजूला तळाशी एक आडवी रेघ असते. तिच्या खालची तीन-चार अक्षरं म्हणजे टांकसाळीची खूण, आणि मला सगळ्यात जास्त गोडी याच अक्षरांची. एस-एम-के म्हणजे सिझिकस, एस-एम-एन म्हणजे निकोमिडिया, एस-एम-ए-एन म्हणजे अँटिऑक, एस-एम-टी-एस म्हणजे थेस्सालोनिका, टी-आर म्हणजे ट्रिअर. सुरुवातीचं एस-एम "साक्रा मोनेता"चं, म्हणजे पवित्र टांकसाळीचं. सोबतचं एक सुटं अक्षर त्या टांकसाळीतला कारखाना सांगतं. पूर्वेकडे त्यासाठी अल्फा, बीटा, गॅमा ही ग्रीक अक्षरं, पश्चिमेकडे बहुतेक पी, एस, टी, क्यू, म्हणजे लॅटिनमधला पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

एका ठिकाणी पुष्कळ जण अडतात. सी-ओ-एन-एस दिसलं की लोक लगेच कॉन्स्टँटिनोपल लिहून टाकतात. ३२८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव कॉन्स्टंटिना ठेवलं गेलं आणि तिथली खूण पी-सी-ओ-एन-एस-टी, एस-सी-ओ-एन-एस-टी अशी झाली. कारखान्याचं अक्षर पुढे आणि शेवटी टी असेल तर आर्ल. शेवटी टी नसेल आणि ग्रीक अक्षर मागे असेल तर कॉन्स्टँटिनोपल. ही दोन गावं साम्राज्याच्या दोन टोकांना आहेत.

एवढं झाल्यावर नाणं उलटायचं. कडेला ए-व्ही-जी असेल तर तो ऑगस्टस, म्हणजे गादीवरचा सम्राट. एन-ओ-बी सी असेल तर सीझर, म्हणजे युवराज. ३३० च्या दशकातल्या नाण्यांवर वडिलांच्या डोक्यावर रत्नांचा किंवा फुलांचा पट्टा असतो, मुलांच्या डोक्यावर पानांची माळ आणि अंगात चिलखत. अक्षरं पुसली असली तरी डोक्यामागची गाठ आणि खांद्यावरचं चिलखत बऱ्याचदा शिल्लक असतं.

आता हातातलं एक नाणं घेऊ. १७ मि.मी., २.३ ग्रॅम. मागे दोन शिपाई. मध्ये दोन दंड आहेत, उजव्याचा फक्त वरचा गोल उरलाय. तळाला एस-एम-टी-एस आणि पुढे ग्रीक डेल्टाचा त्रिकोण. म्हणजे ३३० ते ३३५, थेस्सालोनिका, चौथा कारखाना. उलटलं तर डावी अर्धी कड नाण्याबाहेर गेलीय आणि उजवीकडे "टी-आय-एन-व्ही-एस आय-व्ही-एन एन" एवढं दिसतं. यू च्या जागी व्ही कोरायची रीत होती हे लक्षात ठेवायचं. शेवटी "टिनुस" असल्याने कॉन्स्टंटिनुस, आणि पुढचं "आय-व्ही-एन" म्हणजे धाकटा. डोक्यावर माळ, अंगात चिलखत. झाला कॉन्स्टंटाइन दुसरा, युवराज असतानाचा. चेहऱ्याकडे बघायची गरजच पडली नाही.

शिवराई वाचणाऱ्यांना हे जड जाऊ नये. तिथेही "श्री राजा शिव" मधला अर्धा "राजा" नाण्याबाहेर गेलेला असतो आणि आपण उरलेल्या काना-मात्रेवरून ओळ लावतोच.

---

मुळामुठा

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी इथे शिकण्यासारखं काही वाचलं. दोन प्रश्न. पहिला, तुम्ही फक्त चौथ्या शतकाबद्दल लिहिलंत. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ती मोठी जाड नाणी असतात त्यांचं काय? दुसरा, घरी बसून हे करायला काय लागतं?

---

रानवाट

मोठी नाणी म्हणजे सेस्टर्शियस. ३३ मि.मी.च्या आसपास आणि साधारण २५ ग्रॅम, हातात घेतल्यावर जडपणा जाणवतो. ते खरं तर पितळेचं, तांबं आणि जस्त मिसळून केलेलं. त्याच्या खाली दोन जवळपास सारख्या आकाराची नाणी: ड्युपॉन्डियस पितळेचं, आस तांब्याचं. हिरवा-काळा थर चढला की पितळ आणि तांबं नजरेला सारखंच. तिथे डोकं बघायचं. नीरोच्या काळापासून ड्युपॉन्डियसवर बहुतेक किरणांचा मुकुट असतो, आसवर पानांची माळ. मागे मोठी एस आणि सी ही दोन अक्षरं, म्हणजे सिनेटच्या ठरावाने. चार आसचं एक सेस्टर्शियस, सोळा आसचा एक चांदीचा दिनार.

तिथे वर्ष ठरतं ते पदव्यांवरून. टी-आर पी (इथे ट्रिअर नाही, "ट्रिब्युनिशिया पोटेस्टास", म्हणजे सम्राटाला मिळालेला लोकप्रतिनिधीचा अधिकार) नंतरचा आकडा म्हणजे त्या अधिकाराचं कितवं वर्ष. तो दरवर्षी वाढायचा. तो आकडा टिकलेला असेल तर नाणं एका वर्षात बसतं.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात: २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लीशनने चलन नव्याने बसवलं आणि साधारण १० ग्रॅमचं, चांदीचा मुलामा दिलेलं मोठं ब्राँझचं नाणं काढलं. मागे रोमन लोकांचा कुलदैवतासारखा "जीनियस" उभा, हातात भरलेलं शिंग. वीस वर्षांत तेच नाणं साडेतीन ग्रॅमच्या आसपास आलं. सैन्याचा खर्च आणि भाववाढ काट्यावर दिसते ती अशी.

साधनं फार लागत नाहीत. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, मि.मी.ची पट्टी आणि एक टेबललॅम्प. दिवा वरून धरू नका. नाण्याच्या पातळीला, अगदी आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून न दिसलेली अक्षरं सावलीमुळे उठून येतात. पडताळायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची "ओक्रे" नावाची सूची इंटरनेटवर फुकट आहे. त्यात सम्राट, टांकसाळ, चित्र आणि मजकुरातली तुटक अक्षरं घालून शोधता येतं.

---

कोकणकडा

आमच्या आजोळी वेंगुर्ल्याला जुन्या पेटीत एक तांब्याचं नाणं आहे. एका बाजूला मुकुटाखाली ढाल आणि त्यात सिंह, खाली लाटा. दुसऱ्या बाजूला व्ही, ओ आणि सी एकमेकांत गुंफलेले. घरात सगळे रोमन म्हणतात, कारण मामांनी तसं सांगितलंय. साधारण एक रुपयाएवढं आहे. रोमन असेल का?

---

टांकसाळ

रोमन नाही, पण तुमच्या गावाशी नातं सांगणारं आहे. व्ही-ओ-सी ही डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा. नाण्याला डुइट म्हणतात. लाटांतून वर येणारा सिंह म्हणजे झीलंड प्रांताचा. मुद्रेच्या खाली बघा, १७ ने सुरू होणारं चार आकडी साल असणार. असे आकडे कुठल्याही रोमन नाण्यावर सापडणार नाहीत, तेव्हा ते साल दिसलं की प्रश्न मिटला. डचांची वखार वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात होती. नाणं त्यानंतरचं असलं तरी किनाऱ्यावर ती फिरत राहिली. जपून ठेवा आणि घासू नका.

---

कोकणकडा

१७५४ आहे! भिंगातून आत्ताच बघितलं. मामांना फोन करून सांगते. घासू नका म्हणालात ते बरं झालं, आई चिंच घेऊनच बसली होती.

---

रसशाळा

चिंचेवरून लिहायलाच हवं. मी धातूंच्या क्षरणावर काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्याची भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही प्राचीन नाण्याला लावू नका. घरातल्या तांब्याला त्याने लख्ख रंग येतो, कारण आम्ल वरचा थर खाऊन टाकतं. सोळाशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याचं चित्र मात्र त्या थरातच असतं. आतला धातू कधीच झिजलेला असतो आणि अक्षरांचा उंचवटा हिरव्या किंवा काळ्या खनिजाच्या रूपात उरतो. थर गेला की हातात गुलाबी चकती राहते.

माती चिकटलेली असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, आणि मऊ झालेली माती लाकडी टूथपिकने काढा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतं. तारेचा ब्रश अजिबात नको. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने ठेवायची जुनी पद्धत आहे. मला ती आवडत नाही, कारण तेलही हळूहळू आम्ल होत जातं आणि नंतर ते छिद्रांतून निघत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे ब्राँझचा रोग. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हा नाण्याचा मित्र असतो. पण फिकट, पोपटी, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि टोकरल्यावर ती भुकटी पडली तर नाणं आजारी आहे. आत तांब्याचं क्लोराइड दडलेलं असतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल नवं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड होतं, आणि हे चक्र थांबत नाही. मुंबई-कोकणातला पावसाळा या चक्राला हवा तसाच. जर्मनीत वर्षानुवर्षं ठीक असलेलं नाणं इथे जुलैमध्ये फुलून येऊ शकतं.

असं नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. भुकटी टोकरून काढा आणि सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाच टक्के द्रावणात काही आठवडे भिजवा, द्रावण बदलत राहा. मग ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन पूर्ण कोरडं करा. त्यानंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. आणि पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, त्यातून निघणाऱ्या पदार्थाने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

---

पल्लवपट्टण

चेन्नईहून लिहितोय. नोकरीमुळे बरीच वर्षं इथेच आहे. रानवाट यांनी जी नाणी वर्णन केली आहेत त्यांच्याच कुळातली नाणी तामिळनाडूतही सापडतात, हे महाराष्ट्रात फारसं माहीत नाही म्हणून सांगतो.

दक्षिणेतल्या रोमन नाण्यांचे दोन थर आहेत. पहिल्या शतकातलं चांदी-सोनं कोइंबतूरच्या पट्ट्यात भरभरून सापडलं. पुदुकोट्टईला १८९८ साली सोन्याची ५०१ नाणी एकत्र मिळाली, आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने खाच मारलेली होती. रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली होती की हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, ती याच पहिल्या शतकातली.

दुसरा थर चौथ्या-पाचव्या शतकातला आणि तो तांब्या-ब्राँझचा. करूरला अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईला वैगईच्या परिसरात ही छोटी नाणी मोठ्या प्रमाणात मिळाली. आर. कृष्णमूर्ती यांनी त्यांवर १९९४ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. थिओडोसियस, आर्केडियस, होनोरियस या सम्राटांची नावं वारंवार येतात. श्रीलंकेत तर ती याहून पुष्कळ सापडली आणि तिथे त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या.

मला यातली खरी गंमत वाटते ती अशी. सोनं धातूच्या किमतीला कुठेही चालतं, ते दूर येणं समजू शकतं. पण एक ग्रॅमचं झिजलेलं ब्राँझ समुद्र ओलांडून कशाला येईल? बाजारात सुट्टे पैसे म्हणून वापर होत असल्याशिवाय ते एवढ्या संख्येने येणार नाही. नकला पाडल्या गेल्या याचाही अर्थ तोच, सुट्ट्यांची चणचण होती.

---

तेरणाकाठ

पल्लवपट्टण, उत्तम माहिती. आपल्या बाजूचंही थोडं. पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" या ग्रीक समुद्रव्यापाराच्या पुस्तकात कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आहेत, आत पैठण आणि तेर आहे. तरीही दख्खनमध्ये रोमन नाणी तामिळनाडूच्या मानाने फारच कमी सापडतात. त्याऐवजी आमच्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला भाजक्या मातीच्या चकत्या मिळाल्यात, रोमन नाण्यावरून साचा घेऊन केलेल्या. सम्राटाचं डोकं त्यावर स्पष्ट दिसतं. ओवायला वर छिद्रं आहेत, म्हणजे गळ्यात घालायचा दागिना. नाणं चलन म्हणून नाही तर नक्षी म्हणून लोकांच्या अंगावर आलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या, वेळ काढून बघण्यासारखं आहे.

---

पश्चिमवारा

धागा आवडला, पण एक गोष्ट पटली नाही आणि ती बोलायलाच हवी. तुम्ही ट्रेमधल्या ढिगाबद्दल लिहिलंत. तो ढीग आला कुठून? न धुतलेल्या नाण्यांच्या पिशव्या युरोपभर विकल्या जातात, आणि त्यांतल्या पुष्कळशा बाल्कन देशांतून रात्री मेटल डिटेक्टर लावून, शेतं उकरून काढलेल्या असतात. विकत घेणारा असतो म्हणून उकरणारा असतो.

मी इंग्लंडमध्ये सॉमरसेटला राहतो. इथे २०१० साली फ्रोमजवळ एका डिटेक्टरवाल्याला मातीच्या घड्याचं तोंड लागलं. त्याने खणणं थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. घड्यात ५२,५०३ नाणी निघाली, जवळपास सगळी तिसऱ्या शतकातली. ती थराथराने काढली म्हणून कळलं की सगळ्यात उशिराची, ब्रिटनमध्ये सत्ता बळकावलेल्या कॅरॉशियसची नाणी वर नव्हती, बरीच खोलवर होती. वर्षानुवर्षं साठवत गेलेल्या गल्ल्यात असं होणार नाही, तिथे नवी नाणी वरच राहतील. म्हणजे घडा बहुधा एकदमच भरला गेला. कदाचित देवाला अर्पण केलेला असावा, असं अभ्यासकांनी म्हटलं. तीच नाणी पिशव्यांत भरून विकली गेली असती तर हा प्रश्न विचारायलाही कोणी उरलं नसतं.

तुम्ही म्हणता मागची बाजू आधी वाचा. मी म्हणतो, त्याच्याही आधी ते कुठल्या जमिनीतून आलं ते विचारा.

---

रानवाट

पश्चिमवारा, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि मी न धुतलेल्या पिशव्या घेत नाही. जुन्या संग्रहातली, लिलावाच्या छापील यादीत आधी येऊन गेलेली, पावती असलेली नाणी घेतो. ती दुप्पट-तिप्पट महाग पडतात. एवढी किंमत या विषयाची आहे असं मी धरतो. माझ्या प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: कुणाकडून, कधी, त्याच्याआधी कुणाकडे. जुन्या संग्राहकाच्या हातची चिठ्ठी मिळाली तर ती मी नाण्याइतकीच जपतो.

पण संग्रह करणंच चूक, हे मी मान्य करणार नाही. ट्रिअरच्या संग्रहालयात १९९३ साली सापडलेला सोन्याच्या अडीच हजारांहून जास्त नाण्यांचा साठा आहे, एकूण साडेअठरा किलो. तो पाहायला रांग लागते. त्याच शहरात पाडलेलं दोन शिपायांचं नाणं बघायला कोणी थांबत नाही. या छोट्या नाण्यांवर जीव लावणारे, ठशांतले फरक टिपून ठेवणारे लोक बहुतेक हौशी संग्राहकच होते आणि आहेत.

---

टांकसाळ

भारतातल्या वाचकांसाठी कायद्याचं थोडं, कारण हा प्रश्न येणारच.

जमिनीत सापडलेलं नाणं आपलं होत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणारे बरेच जण घरातली शिवराई आठवण म्हणून सोबत नेतात, तेही यात येतं. नेऊ नका.

ज्यांना हातात न घेता शिकायचंय त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथे जावं. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे.

---

मुळामुठा

बनावट कशी ओळखायची? पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका टेबलावर रोमन म्हणून बरीच नाणी होती. दिसायला छान होती, म्हणूनच शंका आली.

---

रानवाट

खरी नाणी दोन ठशांच्या मध्ये गरम चकती ठेवून हातोड्याने पाडलेली असतात. त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि कडेला बऱ्याचदा चिरा पडतात. ओतीव नकलेत अक्षरं साबण वापरून गुळगुळीत झाल्यासारखी दिसतात, पृष्ठभागावर बारीक हवेची छिद्रं असतात आणि कडेला साच्याच्या जोडाची रेघ असते. विकणारे ती कानस मारून घालवतात, म्हणून कडेवर कानशीच्या खुणा दिसल्या तरी सावध व्हा.

सगळ्यात पक्की खूण जोडीची. एकाच ठशातून निघालेली दोन खरी नाणी असू शकतात, पण त्यांच्या चकतीचा आकार, ठसा किती सरकलाय ते, झीज आणि ओरखडा कधीच सारखे नसतात. दोन नाण्यांवर चीर एकाच जागी, खड्डा एकाच जागी असेल तर निदान एक तरी ओतीव आहे, आणि बहुधा दोन्ही. टेबलावर सगळी नाणी एकाच वाळूच्या रंगाची असतील आणि ती वाळू नखाने निघत असेल तर तिथून निघा.

---

मुळामुठा

माझ्याकडे एकच आहे, काकांनी ऐंशीच्या दशकात लंडनच्या दुकानातून आणलेलं. पावती आहे. मुद्दाम तुमच्या क्रमाने बघतोय. १३ मि.मी., १.१ ग्रॅम. मागे पंख असलेली बाई डावीकडे चाललीय, खांद्यावर काहीतरी, मागे कुणाला तरी केसाला धरून ओढतेय. डाव्या मोकळ्या जागेत क्रुसासारखं चिन्ह. तळाला "ए-एल-ई" आणि पुढचं अक्षर नाही. पुढच्या बाजूला शेवटची अक्षरं "डी-आय-व्ही-एस पी-एफ" एवढीच. दिवा आडवा धरल्यावर दिसली.

---

रानवाट

तुम्ही स्वतःच ओळखलंत की! पंखवाली म्हणजे विजयादेवी, खांद्यावर जिंकलेल्या शस्त्रांचं विजयचिन्ह, ओढलेला युद्धकैदी. मजकूर "सालुस रेइपुब्लिके", म्हणजे राज्याचं कल्याण. हे चित्र ३८८ पासून पुढे पाडलं गेलं. ए-एल-ई म्हणजे अलेक्झांड्रिया. पुढे कारखान्याचं ग्रीक अक्षर असणार, ते गेलंय.

नावासाठी "डी-आय-व्ही-एस" पुरेसं आहे. थिओडोसियसच्या शेवटी "एस-आय-व्ही-एस" येतं, आर्केडियसच्या शेवटी "डी-आय-व्ही-एस". म्हणजे आर्केडियस, थिओडोसियसचा थोरला मुलगा.

---

पल्लवपट्टण

हेच चित्र करूरच्या नाण्यांत आहे. अलेक्झांड्रियाहून माल लाल समुद्रातल्या बंदरांवर यायचा आणि तिथून मोसमी वाऱ्यांवर जहाजं इकडे. मुळामुठा, तुमचं नाणं लंडनमार्गे आलं, पण त्याच टांकसाळीची भावंडं समुद्रमार्गे तामिळनाडूत पोचली असणार. चेन्नईला आलात तर एग्मोरचं सरकारी संग्रहालय नक्की बघा.

---

मुळामुठा

डिसेंबरात येतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. रसशाळा, माझ्या नाण्यावर कडेला एक पोपटी ठिपका आहे, टोकरल्यावर भुकटी पडली नाही. काळजी करू का?

---

रसशाळा

भुकटी पडत नसेल आणि ठिपका कठीण असेल तर तो स्थिर असायची शक्यता जास्त. तरी आज एक फोटो काढा, नाणं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि पावसाळा संपल्यावर त्याच प्रकाशात दुसरा फोटो काढा. ठिपका वाढलेला दिसला तर इथेच टाका.